पिंपावरच्या वायूचा पाठलाग : जोसेफ प्रिस्टले

विशेष प्रतिनिधी

सोडावॉटरची बाटली उघडताच येणारा फसफसाट आज कुणाला नवलाचा वाटत नाही. पानाच्या टपरीपासून पंचतारांकित हॉटेलपर्यंत हे पाणी सर्वत्र मिळते. पाश्चात्त्य देशांत घरच्या घरी बिअर तयार करणाऱ्या लाखो हौशी मंडळींच्या तळघरातही तोच वायू, तोच दाब आणि तेच बुडबुडे असतात. मात्र पाण्यात वायू विरघळवण्याची ही युक्ती ज्याने प्रथम लोकांसमोर मांडली, तो माणूस कारखानदार नव्हता आणि शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञही नव्हता. तो एका छोट्या प्रार्थनामंदिराचा तोतरा धर्मोपदेशक होता. जोसेफ प्रिस्टले हे त्याचे नाव. प्राणवायूच्या शोधाशी हे नाव कायमचे जोडले गेले आहे. परंतु त्यांच्या वायुसंशोधनाची खरी सुरुवात झाली ती घराशेजारच्या बिअरच्या कारखान्यात.

कापडाच्या गावातला मुलगा

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात, लीड्स शहराजवळच्या बर्स्टल गावातील फील्डहेड येथे मार्च १७३३ मध्ये प्रिस्टले यांचा जन्म झाला. वडील जोनस हे लोकरी कापडाला अखेरचा हात देण्याचा व्यवसाय करीत. सहा भावंडांत जोसेफ सर्वांत थोरले. ते जेमतेम सहा वर्षांचे असताना आई वारली आणि पुढे निपुत्रिक आत्या सेरा केली यांनी त्यांना आपल्या घरी नेऊन वाढवले.

हे कुटुंब इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरच्या, डिसेंटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंथातले. त्या काळी डिसेंटरांना सरकारी पदे बंद होती. ऑक्सफर्डमध्ये त्यांना प्रवेश नव्हता, केंब्रिजमध्ये पदवी मिळत नव्हती. आत्याच्या घरी मात्र निरनिराळ्या मतांच्या धर्मोपदेशकांचा राबता असे. आपल्याशी न जुळणाऱ्या मताच्या माणसालाही पानावर मानाने बसवायचे, हा धडा प्रिस्टले यांना तिथे मिळाला. तरुणपणी दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी फ्रेंच, इटालियन आणि जर्मन या भाषा स्वतःच्या स्वतः शिकून घेतल्या. लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू त्याआधीच अवगत होत्या.

१७५२ मध्ये ते डेव्हेन्ट्री येथील डिसेंटरांच्या विद्यालयात दाखल झाले. तिथून बाहेर पडल्यावर सफोकमधील नीडम मार्केट येथे त्यांना धर्मोपदेशकाचे काम मिळाले. परंतु तोतरेपणा आणि रूढ समजुतींना छेद देणारी मते यांमुळे तिथे त्यांचे बस्तान बसले नाही. पुढे नँटविच येथे त्यांनी शाळा काढली आणि १७६१ मध्ये वॉरिंग्टन येथील विद्यालयात ते भाषांचे अध्यापक झाले. तिथे असतानाच १७६२ मध्ये मेरी विल्किन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. प्रसिद्ध लोखंड कारखानदार जॉन विल्किन्सन हे मेरी यांचे बंधू.

विज्ञानाची खरी गोडी त्यांना लागली ती लंडनमध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांच्या भेटीनंतर. फ्रँकलिन यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी विजेच्या शास्त्राचा इतिहास लिहायला घेतला. ग्रंथ १७६७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आधीच, १७६६ मध्ये, रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व बहाल केले होते. पेन्सिलीच्या खुणा रबराने खोडता येतात, ही नोंदही त्यांनी १७७० च्या एका पुस्तकात करून ठेवली आहे.

शेजारचा कारखाना

सप्टेंबर १७६७ मध्ये प्रिस्टले लीड्सच्या मिल हिल प्रार्थनामंदिराचे धर्मोपदेशक झाले. वर्षाला शंभर गिनी वेतन आणि राहायला घर, अशी व्यवस्था होती. परंतु ते घर तयार नसल्यामुळे त्यांना काही काळ दुसरीकडे बिऱ्हाड करावे लागले. हे दुसरे घर बिअरच्या एका कारखान्याला लागून होते. विज्ञानाच्या इतिहासात या तात्पुरत्या बिऱ्हाडाला फार मोठे स्थान आहे.

बिअर आंबत असताना यीस्ट माल्टमधील साखर खाते आणि तिच्यापासून मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्यामुळे लगेच उडून जात नाही. आंबणाऱ्या रसाच्या पृष्ठभागावर, हौदाच्या काठांच्या आत तो साचून राहतो. एडिंबराच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७५० च्या दशकात या वायूचा पद्धतशीर अभ्यास केला होता. चुनखडीसारख्या पदार्थांत तो बांधलेला असतो म्हणून त्याला बद्ध वायू असे नाव मिळाले होते. प्रिस्टले यांना हाच वायू शेजारी विनासायास, हौदच्या हौद भरून उपलब्ध झाला.

जळती मेणबत्ती किंवा पेटलेली लाकडाची ढलपी हौदात खाली सोडली की ठराविक उंचीवर ती पटकन विझे. विझलेल्या ढलपीचा धूर मात्र वर न जाता त्या अदृश्य थरावर पसरून राही आणि थर हलवला तर त्यावर लाटा उठताना दिसत. न दिसणाऱ्या वायूचा पृष्ठभाग धुराने असा डोळ्यांना दाखवून दिला, हे प्रिस्टले यांचे कौशल्य. त्या थरात धरलेली फुलपाखरे निपचित पडत आणि बाहेर मोकळ्या हवेत आणल्यावर पुन्हा पंख हलवू लागत.

याच कारखान्यात त्यांना ती सोपी, पण दूरगामी कल्पना सुचली. आंबणाऱ्या बिअरच्या पृष्ठभागालगत दोन भांडी धरून ते एकातले पाणी दुसऱ्यात आणि दुसऱ्यातले पहिल्यात ओतत राहिले. थोड्याच वेळात त्या साध्या पाण्याला जर्मनीतील पिरमाँटच्या झऱ्यासारखी आंबटसर, जिभेला चुरचुरणारी चव आली. युरोपातील धनिक ज्या पाण्यासाठी दूरचा प्रवास करीत किंवा मोठी किंमत मोजत, ते पाणी एका गरीब धर्मोपदेशकाने दोन भांड्यांच्या साह्याने तयार केले.

१७६८ मध्ये ते त्या घरातून हलले आणि शेजारचा आयता वायू संपला. मग खडूच्या भुकटीवर गंधकाम्ल ओतून त्यांनी तो घरीच तयार करायला सुरुवात केली. कारखाना शेजारी राहिला असता तर कदाचित हा अभ्यास करमणुकीपुरताच उरला असता. वायू स्वतः तयार करण्याची गरज पडली आणि त्यातूनच त्यांची उपकरणे व पद्धती घडत गेल्या.

एका पुस्तिकेत सामावलेले शास्त्र

१७७२ मध्ये नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकच्या घरी भोजनप्रसंगी पाहुण्यांना समुद्राच्या पाण्याचे ऊर्ध्वपातन करून मिळवलेले गोडे पाणी चाखायला देण्यात आले. पाणी शुद्ध होते, पण बेचव होते. आपली युक्ती या पाण्याला चव आणील आणि खलाशांना स्कर्व्ही या भयंकर रोगापासून वाचवील, असे प्रिस्टले यांना वाटले. बद्ध वायू शरीरातील सडण्याची क्रिया रोखतो, असा सिद्धान्त डब्लिनचे वैद्य डेव्हिड मॅकब्राइड यांनी मांडला होता. प्रिस्टले यांची आशा त्यावर उभी होती. त्यांनी आपली पद्धत नौदलाच्या वरिष्ठांसमोर ठेवली आणि त्याच वर्षी ती पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्धही केली. पुस्तिका नौदलाचे प्रमुख अर्ल ऑफ सँडविच यांना अर्पण केलेली होती. कॅप्टन कुक यांच्या दुसऱ्या सफरीवरील जहाजांना ही माहिती देण्यात आली.

स्कर्व्हीच्या बाबतीत मात्र प्रिस्टले साफ चुकले. हा रोग क जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो आणि बुडबुड्यांचा त्यावर काडीचाही उपयोग नाही. जेम्स लिंड यांनी १७४७ मध्येच संत्री-लिंबांचा गुण दाखवून दिला होता. ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सरसकट स्वीकारला तो १७९५ मध्ये. औषध म्हणून पुढे आलेली वस्तू औषध ठरली नाही, ती पेय म्हणून जग जिंकून गेली.

परंतु या पुस्तिकेची खरी किंमत तिच्यातील सूचनांत आहे. भांडे पाण्याने काठोकाठ भरून ते पाण्याच्या परातीत उलटे ठेवावे, म्हणजे आत साधी हवा उरत नाही. मग नळीतून वायू आत सोडावा आणि भांडे जोराने हलवावे, म्हणजे पाण्याचा व वायूचा संबंध वाढून तो लवकर शोषला जातो. उष्णतेने हा वायू पाण्यातून निघून जातो. दाब देणारे यंत्र वापरले तर पाण्यात याहून कितीतरी अधिक वायू भरता येईल, असा अंदाजही त्यांनी त्याच काळात नोंदवला. आणि सर्वांत लक्षणीय म्हणजे, बिअर शिळी होऊन तिचा जोम गेला असेल तर याच रीतीने तिच्यात पुन्हा वायू भरून ती ताजी करता येते, असेही त्यांनी लिहून ठेवले. बिअरच्या हौदावरून उचललेला वायू बिअरलाच परत देण्याची ही पहिली लेखी सूचना म्हणावी लागेल.

टीकाही झाली. प्रिस्टले वायू साठवण्यासाठी प्राण्याचे मूत्राशय वापरत. त्यामुळे पाण्याला मूत्राचा वास येतो, असा आक्षेप जॉन मर्विन नूथ या वैद्याने घेतला आणि संपूर्ण काचेचे नवे उपकरण तयार केले. प्रिस्टले प्रथम दुखावले गेले. परंतु नूथ यांचे उपकरण चांगले आहे, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले.

या शोधाचे एकाधिकारपत्र त्यांनी घेतले नाही, धंदाही केला नाही. १७७३ मध्ये रॉयल सोसायटीने वायूंवरील संशोधनासाठी त्यांना कॉप्ले पदक दिले, तेवढीच त्यांची कमाई. पैसा मिळवला तो इतरांनी. जिनिव्हात १७८३ च्या सुमारास याकोब श्वेप या घड्याळे व दागिने घडवणाऱ्या कारागिराने पंपाच्या दाबाने असे पाणी तयार करण्याचा कारखाना काढला आणि १७९२ मध्ये तो लंडनला आला. त्याचे नाव आजही बाटल्यांवर झळकते.

आजच्या तळघरातला प्रिस्टले

प्रिस्टले यांनी केवळ अनुभवाने जे टिपले, त्याला नियमाचे रूप मँचेस्टरच्या विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये दिले. द्रवात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण त्या वायूच्या दाबाच्या पटीत वाढते, हा तो हेन्रीचा नियम. हेन्री यांचे वडील थॉमस हेही कृत्रिम खनिजजल तयार करीत. साध्या वातावरणीय दाबाखाली, १५ अंश सेल्सिअसला पाणी साधारण आपल्या आकारमानाइतकाच कार्बन डायऑक्साइड सामावून घेते. आजच्या बहुतेक बिअरमध्ये हे प्रमाण सुमारे अडीच पट असते. म्हणूनच गारवा आणि दाब या दोन्हींची गरज पडते.

घरगुती बिअर करण्यासाठी लागणारा परवाना ब्रिटनने १९६३ मध्ये रद्द केला. अमेरिकेत १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी यासंबंधीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि हा छंद फोफावला. या हौशी मंडळींना पुढे शीतपेय उद्योगाने टाकून दिलेली सुमारे १९ लिटरची पोलादी पिंपे, म्हणजे केग, स्वस्तात मिळू लागली. सोड्यासाठी घडवलेली पिंपे अशी बिअरच्या सेवेत आली. प्रिस्टले यांनी सुरू केलेले वर्तुळ तिथे पूर्ण झाले.

या केगबाबत नवशिक्यांची पहिली तक्रार असते ती बिअर निर्जीव लागण्याची. त्याची कारणे शोधताना प्रिस्टले यांच्याच पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात. पहिली गोष्ट तापमान. चार अंशांच्या आसपास गार केलेल्या बिअरला चौरस इंचाला सुमारे १२ पौंड दाब पुरतो; तीच बिअर २० अंशांवर असेल तर तेवढ्याच वायूसाठी २८ ते ३० पौंड लागतात. शीतकपाटातील हवेचे तापमान आणि बिअरचे तापमान एक नसते, हे विसरल्याने अनेकांची फसगत होते. दुसरी गोष्ट गळती. झाकणाचे रबरी कडे नीट बसले नसेल तर वायू हळूहळू निसटतो. जोडांवर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे चोर पकडून देतात. नळकांड्यावरील दाबमापकावर यासाठी विसंबता येत नाही. कारण आत कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि द्रव संपेपर्यंत काटा जवळपास जागचा हलत नाही. तिसरी गोष्ट वेळ. न हलवता, ठराविक दाबावर ठेवलेल्या केगला मुरायला एक ते दोन आठवडे लागतात. भांडे हलवण्याची प्रिस्टले यांची युक्ती इथेही चालते. पण जास्त दाब ठेवून जोराने हलवले तर वायू प्रमाणाबाहेर जातो आणि तो मोजायला नंतर काही उरत नाही. वायू भरण्यापूर्वी केगमधील मोकळ्या जागेतली साधी हवा झडप उघडून दोन-तीनदा बाहेर काढायची, हीसुद्धा काठोकाठ भरलेल्या त्या उलट्या भांड्याचीच आठवण.

दुसरी तक्रार याच्या उलट असते. तोटी उघडली की ग्लासभर फेसच येतो. अशा वेळी वायू जास्त झाला, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. पहिलाच ग्लास फेसाळ आणि पुढचे ठीक असतील तर दोष गरम तोटीचा असतो. सगळेच ग्लास फेसाळ आणि बिअर मात्र चवीला निर्जीव असेल तर वायू वाटेतच, नळीत सुटतो आहे, असे समजावे. १२ पौंड दाबाला साधारण पाच मिलिमीटर पोकळीची सुमारे तीन मीटर लांब नळी लागते. ती आखूड असेल तर दाब एकदम उतरतो आणि फेस होतो. नळीतील किंवा तोटीतील मळही तेच करतो. फेस कमी व्हावा म्हणून दाब उतरवून ठेवणारा काही दिवसांतच पहिल्या तक्रारीवर येऊन पोहोचतो. खरोखरच वायू जास्त झाला असेल तर नळकांडे सोडवून, झडपेतून थोडा थोडा वायू दिवसभरात अनेकदा सोडत राहणे हा उपाय. केगमधील दाब नियंत्रकावर लावलेल्या दाबापेक्षा जास्त असताना नळकांडे पुन्हा जोडले तर बिअर उलटी नियंत्रकात शिरू शकते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

यातील प्रत्येक ठिकाणी एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि दोन दिवस थांबून पाहावे, हाच खात्रीचा मार्ग. प्रिस्टले प्रयोग करीत ते याच शिस्तीने. चुकलेला प्रयोगही ते जसाच्या तसा लिहून ठेवीत. बंद खोलीत नळकांडे गळू लागले तर जीवावर बेतू शकते, हा इशारा हौदातली विझणारी मेणबत्ती तेव्हापासून देत आलीच आहे.

भारतात हे फसफसते पाणी ब्रिटिशांबरोबर आले. हायरम कॉड यांनी १८७० च्या दशकात पेटंट घेतलेली गोटीची बाटली मुंबई-पुण्यात रुजली आणि पारशी सोडावाल्यांनी ती घरोघरी नेली. बाटलीतील वायूच्याच दाबाने गोटी वर दाबली जाऊन तोंड बंद होते. लीड्सच्या हौदावरचा वायू महाराष्ट्रात पोहोचला तो या गोटीसोड्यातून.

प्राणवायू आणि हट्ट

१७७३ मध्ये प्रिस्टले लॉर्ड शेलबर्न यांच्याकडे ग्रंथपाल आणि मुलांच्या शिक्षणाचे सल्लागार म्हणून गेले. वर्षाला अडीचशे पौंड वेतन आणि प्रयोगांसाठी सवड मिळाली. पाण्याऐवजी पाऱ्यावर वायू गोळा करण्याच्या रीतीने त्यांनी पाण्यात सहज विरघळणारे अमोनियासारखे वायू प्रथमच वेगळे केले. १ ऑगस्ट १७७४ रोजी मोठ्या भिंगाने सूर्यकिरण पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर एकवटले असता निघालेल्या वायूत मेणबत्ती विलक्षण तेजाने जळू लागली. पुढच्या वर्षी त्या वायूत ठेवलेला उंदीर साध्या हवेतील अपेक्षेपेक्षा दुप्पट वेळ तगून राहिला. मराठीत आपण ज्याला प्राणवायू म्हणतो, तो हाच. स्वीडनचे कार्ल शेले यांनी तो आधी मिळवला होता, परंतु प्रसिद्धी प्रिस्टले यांनी आधी दिली.

ऑक्टोबर १७७४ मध्ये पॅरिसमध्ये भोजनाच्या वेळी त्यांनी हा प्रयोग आन्त्वान लाव्हाझिये यांना सांगितला. लाव्हाझिये यांनी त्यातून ज्वलनाचे नवे शास्त्र उभारले. प्रिस्टले मात्र ज्वलनात फ्लॉजिस्टन नावाचे तत्त्व बाहेर पडते, या जुन्या कल्पनेला अखेरपर्यंत चिकटून राहिले. धर्मात प्रत्येक जुन्या समजुतीला प्रश्न विचारणारा हा माणूस रसायनशास्त्रात मात्र जुन्याचा शेवटचा पहारेकरी ठरला. हातात सोने आले, पण त्याचे नाव ओळखता आले नाही, असेच या शोकांतिकेचे वर्णन करावे लागेल.

१४ जुलैची रात्र

१७८० मध्ये प्रिस्टले बर्मिंगहॅमला स्थायिक झाले. जेम्स वॅट, मॅथ्यू बोल्टन, जोसाया वेजवुड, इरॅस्मस डार्विन यांच्या लूनर सोसायटीत त्यांचा समावेश झाला. ही वर्षे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत सुखाची. परंतु ख्रिस्ती धर्मातील त्रैक्याची कल्पना नाकारणारे त्यांचे लेखन, डिसेंटरांच्या हक्कांचा आग्रह आणि फ्रेंच राज्यक्रांतीचे उघड समर्थन यांमुळे शत्रूही वाढत गेले.

१४ जुलै १७९१ रोजी बास्तीयच्या पाडावाच्या दुसऱ्या स्मृतिदिनानिमित्त शहरातील एका हॉटेलात मेजवानी झाली. प्रिस्टले तिला गेलेही नव्हते. तरीही राजा आणि चर्चच्या नावाने आरोळ्या देत जमाव बाहेर पडला. प्रथम त्यांचे प्रार्थनामंदिर जाळले गेले, मग जमावाचा मोर्चा त्यांच्या फेअर हिल येथील घराकडे वळला. त्या वेळी प्रिस्टले पत्नीसह बॅकगॅमन खेळत होते. निसटायला थोडाच अवधी मिळाला. ग्रंथालय, अनेक वर्षांच्या श्रमाने लिहिलेली हस्तलिखिते आणि युरोपातील एक उत्तम खासगी प्रयोगशाळा यांची एका रात्रीत राखरांगोळी झाली. दंगल पुढे तीन दिवस चालली आणि इतर डिसेंटरांची घरेही भस्मसात झाली. ज्याने आयुष्यभर ज्वलनाचा अभ्यास केला, त्याचे सर्वस्व आगीनेच गिळले.

नुकसानभरपाई मिळाली, पण ती झालेल्या हानीला पुरणारी नव्हती. बर्मिंगहॅमला परतणे अशक्य झाल्याने ते लंडनच्या हॅकनी भागात राहिले. याच काळात श्वेप त्याच शहरात आपल्या सोड्याच्या कारखान्याची मांडणी करीत होता. युक्ती शोधणारा आणि तिच्यावर उद्योग उभारणारा एका शहरात होते. एकाच्या दाराशी ग्राहक होते आणि दुसऱ्याच्या दाराशी धमक्या. रॉयल सोसायटीतील अनेक सहकाऱ्यांनीही त्यांच्याकडे पाठ फिरवली. १७९२ मध्ये फ्रान्सने त्यांना नागरिकत्व दिले आणि राष्ट्रीय परिषदेवर निवडूनही दिले; ही जागा त्यांनी नाकारली. परंतु या सन्मानाने इंग्लंडमधील संशय आणखी गडद झाला.

परदेशातील दहा वर्षे

एप्रिल १७९४ मध्ये एकसष्ट वर्षांचे प्रिस्टले पत्नीसह अमेरिकेला निघाले. ते समुद्रावर असतानाच, ८ मे रोजी, लाव्हाझिये यांना पॅरिसमध्ये गिलोटिनवर चढवण्यात आले. प्राणवायूची कथा लिहिणाऱ्या दोघांपैकी एकाला राजनिष्ठांच्या जमावाने देशोधडीला लावले आणि दुसऱ्याचा बळी क्रांतिकारकांनी घेतला.

४ जून रोजी प्रिस्टले न्यूयॉर्कला उतरले. त्यांचे स्वागत थाटात झाले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने देऊ केलेले रसायनशास्त्राचे प्राध्यापकपद मात्र त्यांनी स्वीकारले नाही. सस्क्वेहाना नदीकाठच्या नॉर्थम्बरलंड या छोट्या गावी त्यांनी घर आणि प्रयोगशाळा बांधायला घेतली. इथेही दैवाने पाठ सोडली नाही. डिसेंबर १७९५ मध्ये धाकटा मुलगा हेन्री गेला आणि पुढच्या सप्टेंबरात, नवे घर पूर्ण होण्याआधीच, मेरी यांनीही जगाचा निरोप घेतला. तरी त्यांचे प्रयोग थांबले नाहीत. आज कार्बन मोनॉक्साइड म्हणून ओळखला जाणारा वायू त्यांनी याच प्रयोगशाळेत मिळवला. थॉमस जेफरसन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार अखेरपर्यंत सुरू होता.

६ फेब्रुवारी १८०४ रोजी सकाळी त्यांनी आपल्या लेखनातील काही दुरुस्त्या मुलाला सांगून लिहवून घेतल्या, त्या पुन्हा वाचून घेतल्या, त्या बरोबर असल्याची खात्री केली आणि काही मिनिटांतच प्राण सोडला. ते सत्तर वर्षांचे होते.

प्राणवायूच्या शोधाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १ ऑगस्ट १८७४ रोजी, अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ नॉर्थम्बरलंड येथे त्यांच्या समाधीपाशी जमले. त्या मेळाव्यातून स्फूर्ती घेऊन १८७६ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटी स्थापन झाली. तिचा सर्वोच्च सन्मान प्रिस्टले यांच्याच नावाने दिला जातो.

आपल्या पुस्तिकेत प्रिस्टले यांनी कोणतेही गुपित राखून ठेवले नाही. कुणीही वाचावे, करून पाहावे, चुकल्यास सुधारावे, हाच त्यांचा बाणा होता. ज्या जमावाने त्यांचे घर जाळले, त्या जमावातील माणसांच्या नातवंडांनी पुढे जत्रेत सोडावॉटर चवीने प्यायले असेल. ते कुणी शोधले, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मोकळेपणाने दिलेल्या ज्ञानाचे हेच भागधेय असते. देणारा विस्मृतीत जातो आणि दिलेले मात्र घरोघरी फसफसत राहते.